राजाचा शब्द आणि राजाची सही: फ्रेंच उमराव एका संध्याकाळीत कसे पडत

15 डिसेंबर 1670, सोमवार. पॅरिसमध्ये मादाम द सेव्हिन्ये, पत्रांसाठी प्रसिद्ध असलेली खानदानी बाई, लियाँला असलेल्या आपल्या मामेभावाला पत्र लिहायला बसली. बातमी इतकी मोठी होती की सरळ सांगून टाकणं तिच्या जिवावर आलं. आधी सगळ्यात आश्चर्याची, सगळ्यात अद्भुत, सगळ्यात अनपेक्षित अशी विशेषणांची लांबलचक माळ, मग 'ओळखा पाहू', मग 'हरलात ना?' असा खेळ, आणि सगळ्यात शेवटी बातमी. लोझँ हा राजाच्या मर्जीतला उमराव येत्या रविवारी लूव्र राजवाड्यात लग्न करणार. कोणाशी? तर खुद्द राजाच्या, चौदाव्या लुईच्या, सख्ख्या चुलत बहिणीशी.

त्याच आठवड्यात शुक्रवारी त्याच मामेभावाला दुसरं पत्र गेलं. आदल्या संध्याकाळी राजाने लग्न मोडलं होतं. सेव्हिन्येने लिहिलं की ढगांवरून खाली कोसळणं म्हणतात ते हेच.

सतराव्या शतकातल्या फ्रेंच उमरावांबद्दल वाचताना असे प्रसंग पावलोपावली भेटतात. काल ज्याच्या दारात गाड्यांची रांग होती, आज त्याचं नाव घ्यायलाही लोक कचरतात. आज गळ्यात गळा, उद्या ओळखही नाही. वाचणाऱ्याला वाटतं, ही मंडळी मुळातच चंचल आणि नाटकी असावीत. मला ते पटत नाही. पैसा, मान, लग्न आणि तुरुंग हे सगळं एकाच माणसाच्या तोंडच्या शब्दावर टांगलेलं असलं, की स्वभाव कितीही थंड असो, आयुष्य हेलकावे खाणारच. त्यातही सगळ्यात धोक्याचा काळ म्हणजे राजाने 'हो' म्हणणं आणि त्या 'हो'चा कागद होणं यांच्या मधला. लोझँच्या आयुष्यात हा खेळ तीनदा झाला, म्हणून त्याच्याच गोष्टीतून हे समजून घेऊ.

दोघं कोण होते

ती आधी. आन-मारी-लुईझ द'ऑर्लेआँ, जन्म 1627. तेराव्या लुईच्या भावाची मुलगी, म्हणजे चौदाव्या लुईची थोरली चुलत बहीण. आई तिच्या जन्मानंतर काही दिवसांतच गेली आणि आईची अफाट मालमत्ता या तान्ह्या मुलीच्या नावावर झाली. दरबारात तिला नुसतं 'माद्मुआझेल' म्हणत. एवढं म्हटलं की कोण ते सगळ्यांना कळे. युरोपातली बहुधा सगळ्यात श्रीमंत अविवाहित स्त्री, आणि तिचं लग्न हा राज्याचा प्रश्न.

तिच्या खात्यावर एक जुनी चूकही होती. 1648 ते 1653 या काळात फ्रान्समध्ये उमरावांनी राजसत्तेविरुद्ध बंड केलं. 'फ्राँद' म्हणतात त्याला. 2 जुलै 1652 रोजी पॅरिसच्या वेशीवर बंडखोरांचा सेनापती काँदे अडचणीत सापडला, तेव्हा माद्मुआझेलने बास्तीयच्या किल्ल्यावरच्या तोफा राजाच्या सैन्यावर डागायला लावल्या. काँदे वाचला. तेव्हाचा मुख्यमंत्री कार्डिनल माझारँ त्यावर म्हणाला म्हणे, की या तोफेने तिचा नवराच मारला. मुद्दा खरा होता. चौदाव्या लुईशी तिचं लग्न व्हावं अशी जी काही आशा होती ती त्या दिवशी संपली, आणि तिची रवानगी बर्गंडीतल्या सँ-फार्जोच्या गढीत झाली. पुढे परत आली, तर पोर्तुगालच्या राजाशी लग्न करायला नकार दिला म्हणून पुन्हा हद्दपारी.

तो: आंत्वान नाँपार द कोमाँ, पुढे काउंट ऑफ लोझँ. गॅस्कनीतल्या जुन्या घराण्याची धाकटी पाती. कुळ मोठं, खिसा रिकामा. बुटका, जिभेने तिखट, लढाईत शूर. पुढे त्याचा साडू झालेला सँ-सिमों आपल्या आठवणींत त्याचं वर्णन करतो तेव्हा कौतुक आणि वैताग एकाच वाक्यात येतात. राजाला हा माणूस आवडला, आणि राजाला आवडणं हीच त्या काळी सगळ्यात मोठी कमाई होती.

पहिला प्रसंग 1669च्या सुमाराचा. तोफखान्याच्या प्रमुखाचं पद रिकामं होणार होतं. राजाने ते लोझँला देण्याचं कबूल केलं, अट एकच: जाहीर होईपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. ज्या दिवशी जाहीर व्हायचं त्या दिवशी लोझँ राजाच्या बैठकीबाहेर थांबला होता. तिथे राजाचा एक खास सेवक भेटला, आणि याच्याने राहवलं नाही. सेवक तडक युद्धमंत्री लुव्वाकडे पळाला. लुव्वा कागदपत्रांचं निमित्त काढून बैठकीत घुसला आणि राजाला म्हणाला, या माणसाशी माझं रोज भांडण होईल. राजा बाहेर आला तो लोझँकडे न बघता निघून गेला.

पुढचं सँ-सिमोंच्याच शब्दांवर सोडायला हवं. राजाची प्रेयसी मादाम द मोंतेस्पाँ हिला लोझँने रदबदली करायला सांगितलं होतं. ती खरंच आपली बाजू घेते का हे बघायला तो राजा येण्याआधी तिच्या पलंगाखाली जाऊन लपला. तिने राजाजवळ त्याचे वाभाडे काढले. नंतर त्याने तिचा हात धरून तिचंच बोलणं तिला शब्दन् शब्द ऐकवलं. मग राजासमोर जाऊन तलवार पायाखाली मोडली आणि म्हणाला, शब्द फिरवणाऱ्याची चाकरी यापुढे करणार नाही. राजाने खिडकी उघडून हातातली छडी बाहेर फेकली. एका खानदानी माणसावर हात उचलल्याचा मला पश्चात्ताप झाला असता, असं म्हणून तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी लोझँ बास्तीयच्या तुरुंगात.

आणि थोड्याच दिवसांत तो सुटला, वर राजाच्या अंगरक्षकांच्या एका तुकडीचा कप्तान झाला! या कप्तानांना राजा खोलीबाहेर पडल्यापासून झोपायला जाईपर्यंत त्याच्या पाठीशी राहावं लागे. चार कप्तान, प्रत्येकाची पाळी तीन महिन्यांची. राजाच्या इतक्या जवळ उभं राहायला मिळणं म्हणजे त्या दरबारात सोन्याची खाण.

पण हे लोक हे सगळं सहन का करत?

पहिलं कारण पैसा. उमरावाच्या जमिनीचं उत्पन्न होतं, पण दरबारी राहणीचा खर्च त्याच्या पलीकडे. कपडे, घोडे, नोकर, जुगार, मुलींचे हुंडे. व्यापार करावा तर उमरावपणच जाण्याची भीती, कारण किरकोळ व्यापार किंवा कारागिरी करणाऱ्याचे खानदानी हक्क कायद्याने निलंबित होत. 1669 साली समुद्री व्यापाराला मोकळीक मिळाली, तरी समाजाची नजर बदलली नाही. मग तूट भरून कशी निघणार? राजाने दिलेलं पेन्शन, चर्चच्या मठांचं उत्पन्न, सैन्यातली आणि राजवाड्यातली पदं. यांतली बरीच पदं लाखो लिव्रना (लिव्र म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन) विकत घ्यावी लागत, आणि विकत घेऊनही राजाची मंजुरी लागेच. म्हणजे कर्ज काढून पद घ्यायचं, आणि ते पद टिकेल की नाही हे राजाच्या भुवईवर.

दुसरं कारण राजाची आठवण. जानेवारी 1649मध्ये दहा वर्षांच्या लुईला आईबरोबर रात्रीच्या अंधारात पॅरिसमधून पळून सँ-झेर्मँच्या थंडगार महालात जावं लागलं होतं. उमराव आपापल्या गढ्यांत सैन्य बाळगून बसले की काय होतं ते त्याने लहानपणीच बघितलं. म्हणून 1661मध्ये माझारँ वारल्यावर त्याने मुख्यमंत्रीच नेमला नाही, आणि बड्या उमरावांना नजरेसमोर ठेवण्याची पद्धत बसवली. 1682मध्ये दरबार कायमचा व्हर्सायला गेला तेव्हा ती पूर्ण झाली. सकाळी राजा उठताना कोणाला आत सोडायचं, रात्री मेणबत्ती कोणी धरायची, कोणाला राणीसमोर स्टुलावर बसता येईल, असल्या गोष्टींचे हक्क झाले, आणि त्यांवरून भांडणं झाली. आज आपल्याला हसू येतं. पण मेणबत्ती धरणाऱ्याला त्या पाच मिनिटांत भाच्याच्या नेमणुकीबद्दल दोन शब्द बोलता येत. दरबारात न येणाऱ्याच्या नावाने कोणी काही मागितलं, तर राजा म्हणे, हा माणूस मला कधी दिसत नाही. विषय संपला.

तिसरी गोष्ट, कायद्याचा आडोसा नव्हता. राजाची सही आणि मोहोर असलेलं एक बंद पत्र आलं की माणूस गढीत, मठात किंवा तुरुंगात जाई. आरोप नाही, खटला नाही, मुदत नाही. मुदत नसणं हे सगळ्यात वाईट.

अर्थात फ्रान्सचे सगळे उमराव या पिंजऱ्यात होते असं समजू नये. बहुसंख्य लोक आयुष्यभर आपल्या गावीच राहिले. आणि अलीकडचे बरेच इतिहासकार सांगतात, तेही बरोबर आहे: राजालाही या घराण्यांची गरज होती, सैन्य तेच चालवत आणि प्रांतही तेच सांभाळत. देवाणघेवाण होती. फक्त देणाऱ्याच्या हातात तारीख होती, घेणाऱ्याच्या नव्हती.

साडेतीन दिवस

आता लग्नाकडे. त्रेचाळीस वर्षांच्या माद्मुआझेलचं मन सदतीस वर्षांच्या लोझँवर बसलं. पद तिचं मोठं, म्हणून बोलायचंही तिनेच. ते तिला जमेना. मी आरशावर फुंकर मारून नाव लिहीन, असं ती त्याला म्हणाली. मग घड्याळात बारा वाजले, शुक्रवार लागला, आणि शुक्रवार अशुभ म्हणून ते राहिलं. शेवटी कागदावर लिहून दिलं: 'तुम्हीच.' हे तिनेच आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय, आणि इतक्या वर्षांनी वाचतानाही त्या बाईचा संकोच कळतो.

राजघराण्यातलं लग्न राजाच्या परवानगीशिवाय होत नसे. तिच्या स्वतःच्या वडिलांनी तसं केलं होतं आणि त्यांचं लग्न रद्दबातल ठरवण्यात आलं होतं. 15 डिसेंबरला चार बडे उमराव राजाकडे गेले आणि सगळ्या खानदानी वर्गाच्या वतीने परवानगी मागितली. राजाने दिली. तोंडी.

त्याच दिवशी लग्न उरकायला हवं होतं. मित्रांनी लोझँला तसं सांगितलंही, पण त्याला थाट हवा होता. नोकरांना नवे पोशाख, लूव्रमध्ये समारंभ, सगळ्या दरबारासमोर. दरम्यान माद्मुआझेलने त्याच्या नावे मालमत्ता लिहून द्यायला घेतली. सेव्हिन्येच्या पत्रानुसार तिची किंमत 2 कोटी 20 लाख लिव्र.

या आकड्यातच विरोधाचं कारण होतं. माद्मुआझेलला मूलबाळ नव्हतं. ती वारल्यावर हे सगळं राजघराण्यात येणार हे जवळजवळ ठरलेलं होतं, आणि आता ते एका गॅस्कन कप्तानाच्या घरात चाललं होतं. राणी चिडली. राजाचा भाऊ चिडला. तो त्याच जूनमध्ये विधुर झाला होता, आणि त्याचंच लग्न माद्मुआझेलशी लावण्याची बोलणी झाली होती. म्हाताऱ्या दरबाऱ्यांनी राजाच्या कानी घातलं की परदेशात लोक म्हणतील, आपल्या मर्जीतल्या माणसाची भर करायला राजाने बहीण विकली. तो वार वर्मी लागला. गुरुवारी, 18 तारखेला संध्याकाळी राजाने दोघांना बोलावून सांगितलं, हे होणार नाही.

माद्मुआझेल गुडघ्यांवर कोसळली. तिने लिहिलंय की राजाही तिच्याबरोबर गुडघ्यांवर बसला आणि दोघं पाऊण तास एकमेकांना धरून रडत होती. मग राजा जे म्हणाला ते या सगळ्या व्यवस्थेचं सार आहे: मला विचार करायला वेळ का दिलात? घाई का नाही केलीत?

राजाला खरंच वाईट वाटत होतं, असं मी समजतो. पण त्याचं रडू आणि त्याचा निर्णय वेगवेगळ्या खात्यांत जमा होत होते. माद्मुआझेल अंथरुणाला खिळली आणि विधवेला भेटायला जावं तसा दरबार तिला भेटायला गेला. सेव्हिन्ये तर लिहिते की ही नाटकाच्या सगळ्या नियमांत बसणारी शोकांतिका आहे. लोझँ मात्र अदबीने वागला. त्याचीच वाहवा झाली, आणि राजाची कृपा काही काळ आणखी वाढली. तिथे दुःख करतानाही समोर कोण बघतंय हे विसरून चालत नसे.

याचा अर्थ भावना खोट्या होत्या असा नाही. वार्द नावाच्या उमरावाचं उदाहरण बघा. राजाच्या खासगी भानगडीत हात घातला म्हणून त्याने सुमारे 18 वर्षं दक्षिणेत हद्दपारी भोगली. 1683मध्ये बोलावणं आलं तेव्हा तो जुना कोट घालून हजर झाला. एकेकाळी राजाच्या लेखी परवान्याशिवाय घालता येत नसे असा तो मानाचा कोट, आता पार जुनाट दिसणारा. राजाला हसू फुटलं. वार्द म्हणाला, महाराज, तुमच्यापासून दूर असलेला माणूस नुसता दुःखी होत नाही, हास्यास्पद होतो. त्याचं पुनर्वसन तिथेच झालं. या वाक्यात खुशामत किती आणि खरी वेदना किती? मला वाटतं, दोन्ही पूर्ण होत्या.

भिंतीतलं भोक

25 नोव्हेंबर 1671 रोजी लोझँला अटक झाली. कारण कधीच सांगितलं गेलं नाही. मोंतेस्पाँ आणि लुव्वा यांनी मिळून काटा काढला असं बहुतेक मानतात. त्याला आल्प्सपलीकडच्या पिन्येरोल किल्ल्यात नेण्यात आलं. आज ते इटलीतलं पिनेरोलो. नेणारा अधिकारी होता दार्तान्याँ. होय, कादंबऱ्यांमुळे जगाला माहीत झालेला तोच.

त्याच किल्ल्यात निकोला फुके आधीपासून होता. हा एकेकाळचा अर्थमंत्री. 17 ऑगस्ट 1661 रोजी त्याने आपल्या व्हो-ल-व्हिकोंतच्या नव्या महालात राजाला डोळे दिपवणारी मेजवानी दिली आणि 5 सप्टेंबरला त्याला अटक झाली. अटकेचं आधीच ठरलेलं होतं. मेजवानीने नुसतं तेल ओतलं. तीन वर्षं खटला चालला. न्यायाधीशांनी हद्दपारीची शिक्षा दिली, राजाने ती वाढवून जन्मठेप केली. दया दाखवण्यासाठी असलेला राजाचा अधिकार उलटा वापरला गेला.

लोझँने भिंत पोखरून फुकेच्या खोलीपर्यंत वाट काढली. फुकेला आठवत होता तो गॅस्कनीहून आलेला, नातेवाइकांच्या आश्रयाला राहणारा पोरगा. आता तो पोरगा सांगत होता की मी अंगरक्षकांचा कप्तान झालो, राजाच्या चुलत बहिणीशी माझं लग्न ठरलं होतं. फुकेला वाटलं, बिचाऱ्याचं डोकं फिरलंय. बाहेरून दुसऱ्या कोणी खात्री देईपर्यंत त्याने यातलं अक्षर खरं मानलं नाही, असं सँ-सिमों सांगतो. दहा वर्षं दरबाराबाहेर राहिलेल्या अनुभवी मंत्र्यालासुद्धा दरबारातली सत्य हकिकत वेडेपणा वाटावी, यात त्या दरबाराबद्दल बरंच कळतं.

माद्मुआझेल दहा वर्षं त्याच्यासाठी अर्ज-विनंत्या करत राहिली. शेवटी मोंतेस्पाँने मार्ग सुचवला. राजापासून झालेल्या तिच्या मुलाला, मेनच्या लहानग्या ड्यूकला, माद्मुआझेलने आपली दोंबची जहागीर आणि नॉर्मंडीतला मोठा परगणा द्यावा. मग राजाचं मन वळेल. 1681मध्ये माद्मुआझेलने सह्या केल्या. सह्या झाल्यावर तिला सांगण्यात आलं की लोझँ सुटेल, पण लग्नाची परवानगी राजा कधीच देणार नाही. तिने कागद दिला होता, बदल्यात मिळालेली होती नुसती सूचना. या वेळी वेळकाढूपणा तिने केला नव्हता. घाई तिने केली, आणि वेळ समोरच्यांनी राखून ठेवला.

लोझँ सुटून आला. दोघांनी गुपचूप लग्न केलं असं तेव्हाही बोललं जाई, पुरावा नाही. पण एकत्र राहणं जमलं नाही. त्याला दरबार हवा होता, तो बंद होता, आणि त्याचा राग तिच्यावर निघे. तो जुगार खेळे, इतर बायकांच्या मागे लागे. सँ-सिमोंच्या म्हणण्यानुसार भांडणं हातघाईवर येत, ती ओरबाडे आणि तो मारी. शेवटी तिने त्याला दार बंद केलं. 1693मध्ये ती मरणपंथाला लागली तेव्हाही तिने त्याला भेटू दिलं नाही. ज्याच्यासाठी दहा वर्षं झिजली त्याचं तोंड बघायचं नव्हतं. हा बदल काही राजाने घडवून आणला नव्हता. पण दहा वर्षांचा तुरुंग त्याच्या सहीनेच झाला होता.

लोझँ तोवर परत वर आला होता, तोही भलत्याच वाटेने. 1688च्या डिसेंबरमध्ये तो लंडनमध्ये होता. इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स याचं सिंहासन डळमळत होतं. एका पावसाळी रात्री राणी आणि तिचं सहा महिन्यांचं बाळ थेम्स ओलांडून, जहाजाने फ्रान्सला सुखरूप पोचवण्याचं काम त्याने केलं. लुई खूश झाला. सेव्हिन्येने लिहिलं की लोझँला व्हर्सायची वाट लंडनमार्गे सापडली. राजाच्या खोलीत जाण्याचा हक्क परत मिळाला, 1692मध्ये ड्यूकपद मिळालं. 1695मध्ये, साठी ओलांडल्यावर, त्याने एका मार्शलच्या जेमतेम पंधरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. तिची थोरली बहीण सँ-सिमोंला दिलेली, म्हणून तर हे सगळे किस्से आपल्यापर्यंत आले. त्यातले पुष्कळ खुद्द लोझँच्याच तोंडचे, तेव्हा पलंगाखालच्या प्रसंगाला थोडं मीठमसाला लागलेलं असणार हे धरून चालावं.

एक गोष्ट मात्र त्याला मिळाली नाही. अंगरक्षकांचं कप्तानपद त्याला परत हवं होतं. ड्यूक झाल्यावरही त्याला तेच हवं होतं, आणि ते गेल्याचं दुःख शेवटपर्यंत त्याच्या मनातून गेलं नाही. लुईने त्याला जवळजवळ सगळं परत दिलं, पण पुन्हा आपल्या पाठीशी उभं राहू दिलं नाही. राजा 1715मध्ये वारला. लोझँ आणखी आठ वर्षं जगला आणि नव्वदीच्या घरात पोचून 1723मध्ये गेला.